निरीक्षण-वहीतली कोरी पानं

९ सप्टेंबर, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण तुझ्या कानातल्या यंत्राचं आणि माझ्या आवाजाचं काही केल्या जमत नाही. मग तुझी लेक फोन स्पीकरवर टाकते आणि आपल्या दोघींचं बोलणं जावयापासून शेजारणीपर्यंत सगळे ऐकतात. म्हणून लिहायला बसले.

गुडघ्याचे व्यायाम करतेस ना, की तक्ता नुसता भिंतीला चिकटवून ठेवलायस? माझं म्हणशील तर उजवा खांदा आठ दिवस धरलाय. त्याला कारण मीच आहे आणि ते कारण एव्हाना तुझ्या लेकाने तुझ्या कानावर घातलंही असेल. त्याची बाजू ऐकलीस, आता माझी वाच.

शुक्रवारी त्याने मला पत्र दिलं. स्वतः नाही, शिपायाकरवी, बंद पाकिटात. वर 'आदरणीय मॅडम', खाली 'संचालक', आणि मधल्या अर्ध्या पानात 'शिस्तभंग' हा शब्द तीनदा. ज्याला मी आंघोळ घातली, ज्याचे दुधाचे दात माझ्या ओंजळीत पडले, त्याची मी आदरणीय मॅडम झाले. आधी मला हसू आलं. मग नाही आलं.

झालं ते असं. तू शाळा त्याच्या हाती दिलीस त्याला दोन वर्षं होतील. पहिलं वर्ष रंगरंगोटीत गेलं, माझी काही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात मात्र चार दिवसांची सुट्टी संपवून मी वर्गाचं दार उघडलं तर आत बाकं. दोन-दोन मुलांची चौदा बाकं, सगळी फळ्याकडे तोंड करून. सामानाची बुटकी कपाटं, चटयांची टोपली, हात धुवायची तिवई, सगळं मागच्या कोठीत. मुलं एकावर एक रचतात ते गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे एका पोत्यात भरलेले. पोत्यात, ताई. सर्वांत छोटा ठोकळा शोधायला मला तासभर लागला.

मी त्याच्या खोलीत गेले. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं रीतसर. मग समजावलं, की मोठ्या शाळा पहिलीच्या प्रवेशाला लेखी परीक्षा घेतात, पालक धास्तावलेत, तेव्हा चार वर्षांवरच्या प्रत्येक मुलाने रोज एक पान लिहायचं. पान भरलं की चांदणी चिकटवायची. ऑक्टोबरात पालकांना बोलावून प्रात्यक्षिक, त्यात प्रत्येकाने सगळ्यांसमोर आपलं नाव लिहून दाखवायचं.

"मावशी, पालकांना वही दिसते. मनोरा दिसत नाही," तो म्हणाला.

यात तो चुकला असं मी म्हणणार नाही. पालकांना खरंच वहीच दिसते. म्हणून तर आपण त्यांना वर्गात बोलावून कोपऱ्यात तासभर गप्प बसवायचो. तूच सुरू केलं होतंस ते.

मी आठवडाभर बघितलं. अठ्ठावीस मुलं बाकांवर, एकाचाही पाय जमिनीला टेकत नाही. ज्या मुली मण्यांची साखळी व्हरांड्याच्या टोकापर्यंत मोजत न्यायच्या, त्या 'मी शू करायला जाऊ का' असं विचारून उठायला लागल्या. कधी विचारलं होतं गं त्यांनी? उठायच्या आणि जायच्या.

मग मी रविवारी किल्ली घेऊन गेले. बरोबर पाणीवाल्या काकू. (तुझ्या वेळच्या नव्हेत, त्यांची सून. पण पाण्याचे जग भरायचं काम तेच, म्हणून मुलांनी नावही तेच ठेवलंय.) आम्ही दोघींनी चौदा बाकं व्हरांड्यात ओढली आणि सहा कपाटं परत आत आणली. खांदा त्या चौथ्या कपाटाने गेला. काकू म्हणाल्या, बाई, माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, सांगा की मी जबरदस्ती केली. त्यावर त्या म्हणाल्या की तुमच्याने कपाट उचलवत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, जबरदस्ती कोण खरं मानेल.

सोमवारी मुलं आली. कुणी काही विचारलं नाही. चपला ओळीत काढल्या, चटया पसरल्या, जो तो आपलं काम काढून बसला. एक मुलगी मनोऱ्यातला मोठा ठोकळा पोटाशी धरून दहा मिनिटं नुसती उभी होती. तुझा लेक दारात येऊन बघून गेला. ओरडला नाही. ओरडायचं नाही, लिहून द्यायचं, हे वळण तुझं. मीही लिहून उत्तर दिलं : पत्र मिळालं. कपाटं जागेवर आहेत.

तर हे माझं शिस्तभंगाचं प्रकरण. माफी मागणार नाही हे आताच सांगून ठेवते, म्हणजे तू उगाच मध्यस्थीची तयारी करू नकोस.

बाकी ठीक. तुझी सूनबाई कामावर रुजू झाली. तिचा पिटुकला बरा आहे. अलीकडे जरा गप्प असतो आणि पाणी ओतताना सांडतो. वाढीचं वय आहे, चालायचंच.

औषधं वेळेवर घे.

तुझी,
धाकटी


२३ सप्टेंबर, सोमवार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. सहा ओळींत सहा आज्ञा. माफी माग, बाकं आत घे, तो आता प्रमुख आहे हे ध्यानात ठेव, तुझं वय झालं, दुसऱ्यांच्या मुलांसाठी घरात भांडण नको. पाच झाल्या. सहावी ओळ मी चार वेळा वाचली. 'आणि पिटुकल्याचा हात सुधारायचा तो बघतो आहे, त्यात तू पडू नकोस.'

पिटुकल्याच्या हाताबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हणजे तुला ठाऊक होतं.

मग आता मीही सरळ लिहिते. वाढीचं वय वगैरे मी लिहिलं ते खोटं होतं. तुझा नातू डावखुरा आहे. चमचा, कंगवा, खडू, चेंडू, सगळं डाव्या हाताने. अडीच वर्षांचा होऊन आपल्या वर्गात आला तेव्हापासून मी बघते आहे आणि त्यात बघण्यासारखं काही नाही, मूल डावखुरं असतं तसा तो आहे. पाण्याचा जग डाव्या हाताने असा उचलायचा की एक थेंब बाहेर पडत नसे.

ऑगस्टअखेरीपासून तो उजव्या हाताने ओततो. अर्धं पाणी ताटलीत. मला आधी वाटलं, कुणाचं तरी बघून करत असेल. मग एक दिवस मी त्याच्या मागच्या बाजूला बसले होते आणि मला दिसलं की तो डाव्या हातावर बसलाय. हात मांडीखाली, तळवा जमिनीला, वर त्याचं सगळं वजन. बोटांची टोकं पांढरी पडलेली.

मी विचारलं, हा हात कुठे गेला रे?

म्हणाला, "झो... झो... झोपलाय."

कुणी झोपवला, असं मी विचारलं. तर म्हणाला की बाबा म्हणतात तो वाईट हात आहे, तो जागा असला की वहीत घाण करतो. हे वाक्य पुरं करायला त्याला किती वेळ लागला ते तुला सांगत नाही. तो पूर्वी अडखळत नसे.

ताई, तुला आता कळलंच असेल की मी हे पत्र का टाळत होते. तिथून निघालं की रस्ता एकाच ठिकाणी जातो, आणि त्या ठिकाणी आपण दोघी बत्तीस वर्षांत एकदाही गेलो नाही.

मी पंचवीस वर्षांची होते. मुलाला मोकळं सोडून शिकवायच्या पद्धतीचं तुझं प्रशिक्षण झालेलं, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं. मला काहीच येत नव्हतं, तू शिकवत होतीस. तू मला पहिली गोष्ट शिकवलीस ती निरीक्षणाची वही. मुलाने काय केलं ते लिही, तुला काय वाटलं ते लिहू नकोस. अजूनही मी तशीच लिहिते. आणि तुझा लेक चार वर्षांचा, पहिल्या तुकडीतला, तोही डावखुरा.

वर्गात तो डाव्या हाताने मनोरा रचायचा. पाहुणे आले की तू त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचीस, आपण मुलाच्या हाताला अडवत नाही. आणि बारा वाजता सगळी मुलं घरी गेली की मागच्या खोलीत त्याची एक तासाची वेगळी शाळा भरायची. खुर्ची, पाटी, उजव्या हातात पेन्सिल. डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधलेला. त्याचाच चौकटीचा रुमाल होता. तू कार्यालयात पालकांशी बोलत असायचीस. बांधायचे मी.

मला माहीत आहे तू कशाच्या धाकात होतीस. नवरा सोडून गेलेला, सासरची माणसं टपलेली, 'स्वतःच्या पोराचा हात सरळ करता येत नाही आणि चालली लोकांची पोरं शिकवायला' हे सासरेबुवांचं वाक्य मीही ऐकलं होतं. शाळेत तेव्हा नऊ मुलं होती. एकाही पालकाने काढलं असतं तर शाळा बसली असती. हे सगळं खरं आहे. पण या सगळ्याचा भार एका चार वर्षांच्या मुलाच्या मनगटावर आपण टाकला. पद्धत दुसऱ्यांच्या मुलांसाठी आणि रुमाल आपल्या मुलासाठी.

एक सहामाही चाललं ते. मग तो अडखळायला लागला. तू त्याला डॉक्टरकडे नेलंस, मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही बदल झालाय का? तू म्हणालीस, नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. त्याच्या अडखळण्याचा त्या रुमालाशी संबंध होता की नाही हे मला आजही माहीत नाही, डॉक्टरांनाही कदाचित सांगता आलं नसतं. पण त्यांना ते कळायला तर हवं होतं.

परवा मी कपाटातून ती जुनी वही काढली. प्रत्येक मुलाची पानं आहेत. कुणी किती वेळा बटणं लावली, कुणी कुणाची चटई तुडवली, सगळं. तुझ्या लेकाच्या नावाखाली त्या सहामाहीची पानं कोरी आहेत. मी एक ओळ लिहिली नाही. काय झालं ते लिही असं तू शिकवलं होतंस, आणि झालं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

ती वही घेऊन मी गुरुवारी त्याच्याकडे गेले. दार लावून घेतलं. आधी पिटुकल्याचं सांगितलं, हातावर बसतो ते, बोलताना अडतो ते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, मलाही असंच वळण लावलं. काही बिघडलं का माझं? उजव्या हाताने सह्या करतो, शाळा चालवतो."

मी विचारलं, वळण कसं लावलं ते आठवतं का तुला?

तो म्हणाला, "रुमाल आठवतो. कोण बांधायचं ते आठवत नाही. चेहराच येत नाही समोर."

"मी बांधायचे," मी म्हटलं.

ताई, मी त्याची माफी मागितली. माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान माणसाची, माझ्या वरिष्ठाची, टेबलाच्या या बाजूला उभी राहून. तेव्हा माफी मागण्याची मला लाज नाही हे तुला कळावं. पण बाकांबद्दल मागणार नाही, कपाटांबद्दल मागणार नाही.

तो बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिला. मग मान वर न करता विचारलं, "आईला माहीत होतं?"

मी उत्तर दिलं नाही. नाही म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, आणि हो म्हणणं माझं काम नव्हतं. ते उत्तर तुझं आहे. तुझ्या वाटचं मी बोलणार नाही, पण यापुढे तुझ्यासाठी गप्पही बसणार नाही. त्याने पुन्हा विचारलं तर मी सांगेन. त्याआधी तू सांगावंस असं मला वाटतं.

माझ्या गप्प बसण्यावर तो चिडला. चिडायचाच. संचालकांच्या आवाजात म्हणाला की पाच तारखेचं प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे होईल, मुलांनी नावं लिहून दाखवली नाहीत तर ऑक्टोबरअखेरीस मी मोकळी. आणि त्याच्या मुलाचा हात हा त्याच्या घरचा प्रश्न आहे.

दारापाशी मी वळून म्हटलं की ते मूल सकाळी नऊ ते बारा माझ्या वर्गात असतं, त्या तीन तासांत त्याचे दोन्ही हात त्याचे आहेत.

आता तू म्हणशील, काय मिळवलंस एवढं बोलून. काही नाही मिळवलं. पण त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं.

तुझी,
धाकटी


२७ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताई,

महिना झाला, तू मला उत्तर दिलं नाहीस. मी वाट बघणं सोडून दिलं होतं. आता कळलं की उत्तर तू दिलंस, फक्त माझ्या पत्त्यावर नाही. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी प्रात्यक्षिकाचं सांगते, कारण तू ते एकाच बाजूने ऐकलं असशील, किंवा अजिबात ऐकलं नसशील.

शनिवार, पाच तारीख. पालक चाळीसेक. तुझ्या लेकाने खुर्च्या मांडल्या होत्या, फळ्याजवळ एक उंच टेबल, त्यावर कोरे कागद आणि माइक. एकेक मूल येणार, नाव लिहिणार, टाळ्या. मी सकाळी साडेआठला गेले आणि टेबल, कागद, माइक उचलून व्हरांड्यात ठेवले. खुर्च्या भिंतीला लावल्या. तो आला तेव्हा पालक येऊन बसायला लागले होते, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. हे मी मुद्दाम केलं होतं. मी काही साधी नाही, तुझीच बहीण आहे.

पालकांना मी एवढंच सांगितलं की आज तुमची मुलं रोज करतात तेच करतील. हाक मारू नका, खुणा करू नका, फोन खिशात ठेवा. बारापर्यंत बसायचं आहे.

पहिला अर्धा तास वाईट गेला. खुर्च्या करकरत होत्या. एक वडील, बस चालवतात, दोनदा उठून पुन्हा बसले. मुलं मात्र कामाला लागली. एक जण दट्ट्यांच्या पेटीतले लहानमोठे लाकडी दट्टे काढून, मिसळून, एकेक खाचेत बसवत होता. चुकला की स्वतःच हुं करून परत काढायचा. एक मोठी मुलगी हजार मण्यांची साखळी घेऊन व्हरांड्यात गेली. बस चालवणारे तिचेच वडील. ते हळूच दारापर्यंत गेले आणि तासभर चौकटीला टेकून उभे राहिले, ती शेवटच्या मण्यापर्यंत मोजून परत येईपर्यंत. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर ते मला म्हणाले की घरी ती दोन मिनिटं एका जागी बसत नाही. मी म्हटलं, घरी तिला दोन मिनिटं कुणी सोडत नसेल.

पिटुकल्याने टेबल धुवायचं काम काढलं. मेणकापडाचा अ‍ॅप्रन, बादली, साबण, ब्रश, स्पंज, सगळं ओळीत मांडलं. आणि ताई, दोन्ही हातांनी घासायला लागला. डावा हात ब्रश धरतोय, उजवा टेबल धरतोय. चाळीस मिनिटं तो ते छोटं टेबल घासत होता. स्वच्छ झाल्यावरही थांबला नाही. कपाळावर फेस, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चाललेलं, आणि त्यात तो कुठेही अडत नव्हता.

तुझा लेक समोरच्या भिंतीशी उभा होता. बघत होता. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, कौतुकच वाटलं असेल, तो पुढे आला आणि मुलाशेजारी उकिडवा बसला.

पिटुकल्याने मान वर केली. बाप दिसला. ब्रश बादलीत टाकला, जमिनीवर बसला आणि ओला हात मांडीखाली घातला.

त्याने हात काढून घेतला ते चाळीस जणांनी पाहिलं, पण कशासाठी ते आम्हा तिघांनाच कळलं. मी, सूनबाई आणि तो. सूनबाईने तोंडावर रुमाल धरला. तो तसाच उकिडवा राहिला. मुलाला हात लावला नाही. मग उठून बाहेर गेला आणि समारोपालाही आला नाही.

मला वाटलं, झालं, आता त्याला उमजलं. कसलं काय. मंगळवारी पाकीट आलं. शिपायाकरवीच. ठरल्याप्रमाणे ३१ तारखेपासून मुक्त. मी पोच दिली, उरलेल्या दिवसांची रजा टाकली आणि माझा चहाचा कप घेऊन घरी आले. बत्तीस वर्षांत शाळेत माझ्या मालकीचं तेवढंच होतं.

पण त्याच संध्याकाळी सूनबाई मुलाला घेऊन माझ्याकडे आली. ती फार बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "घरी पाटी-पेन्सिल मी काढून टाकलीय. ते काही बोलले नाहीत." एवढंच. आणि पिटुकल्याला माझ्याकडे सोडून भाजी आणायला गेली.

आता तुझ्या पत्राचं.

तो गेल्या रविवारी सकाळी आला. एकटा. चप्पल काढताना दाराला धरून उभा राहिला, लहानपणी ताप आला की उभा राहायचा तसा. खिशातून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. अक्षर तुझं. थरथरलेलं, पण तुझंच.

तू लिहिलं होतंस, की हे सगळं माझ्या हुकमावरून झालं. मावशी नको म्हणत होती, रडत होती, मी तिचं ऐकलं नाही. तिच्यावर राग धरू नकोस, माझ्यावर धर.

ताई, तू कबूल केलंस. सत्तरीला टेकलेल्या बाईने स्वतःच्या मुलाला असं लिहिणं सोपं नाही, आणि तू ते लिहिलंस. त्यासाठी मी तुला वाकून नमस्कार करते.

पण मी नको म्हणाले नव्हते. मी रडलेही नव्हते. तुला नीट आठवतं आणि मलाही. तू मला बोलावून सांगितलंस, उद्यापासून बारा वाजता त्याला मागच्या खोलीत ने, डावा हात बांध. त्यावर मी तुला एकच प्रश्न विचारला होता. गाठ किती घट्ट बांधू, असं विचारलं होतं मी.

मी ते त्याला सांगितलं. कागद परत त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, तुझ्या आईने माझ्याबद्दल लिहिलंय ते खरं नाही, तिच्याबद्दलचं खरं आहे.

त्याने कागदाची घडी घातली. मग विचारलं, "मग तेव्हा माझ्या बाजूने कोण होतं?"

"कुणी नव्हतं," मी म्हटलं.

हे ऐकून तो रडेल असं मला वाटलं होतं. तो रडला नाही. त्याने सुटकेचा श्वास सोडला, ताई. कुणीतरी आपल्याला एकदाचं खरं सांगावं म्हणून माणूस किती वर्षं थांबतो बघ. मग म्हणाला, "पिटुकल्याच्या बाजूने तू आहेस."

मी हो म्हटलं.

मग आमचं जे बोलणं झालं ते दोन शिक्षकांचं झालं. त्याने मला परत बोलावलं. पाकीट फाडून टाकतो म्हणाला, कपाटं राहतील, मनोरा राहील, फक्त पाच वर्षांवरच्या मुलांचं रोजचं एक पान तेवढं ठेवू, नाहीतर पालक थांबणार नाहीत. त्याच्या जागी बसून बघितलं तर तो तसा चुकत नाही. मी नाही म्हटलं. मी असेन तिथे मूल त्याला लिहावंसं वाटेल त्या दिवशी लिहील. तो म्हणाला, मावशी, तू फार हट्टी आहेस. मी म्हटलं, एकदा हट्ट करायचा राहिला होता, तो भरून काढते आहे.

तेव्हा मी शाळेत परत जात नाही. भांडून नाही, पटत नाही म्हणून. आपले ठोकळे दुरुस्त करतात ना, त्या सुतारांच्या कारखान्यावर एक लांब खोली आहे, दोन्हीकडे खिडक्या. एक तारखेपासून तिथे बसते. सध्या अकरा मुलं. मण्यांवाली मुलगी येणार आहे, तिचे वडील खोलीला पांढरा रंग स्वतः देताहेत. पाणीवाल्या काकूंनी विचारलं की तिथे जग भरायला कोणी आहे का. तुझ्या लेकाने जुनं सामान न्यायला परवानगी दिली, यादी करून, सही घेऊन. सही करताना त्याने पेन उजव्याच हातात धरलं. आता ते त्याचं वळण आहे, त्याला मी काय बोलणार.

पिटुकला माझ्याकडेच येईल, हे त्याने स्वतः सांगितलं. मुलाचा हात अजून कधी कधी मांडीखाली जातो. बोलताना अडतो, पण घाबरत नाही. किती दिवस लागतील मला माहीत नाही, आणि मी कुणाला तारीख देणार नाही.

ताई, तू मला वाचवायला खोटं लिहिलंस. इतकी वर्षं आपण एकमेकींना असंच वाचवत आलो आणि त्याची झळ एका पोराला लागली. मला तसं वाचवू नकोस. मी केलं ते माझं राहू दे. तुझं तुझं राहू दे. त्यातूनही आपण बहिणी उरतो की नाही ते बघू. मला वाटतं, उरतो.

प्रवास झेपला तर ये. खोलीत तुझ्यासाठी खुर्ची ठेवेन, गुडघ्यामुळे, मोठेपणामुळे नाही. तिथे तू मुख्याध्यापिका नसशील आणि मी तुझी मदतनीस नसेन. तुझ्या सांगण्यावरून मी जे काही करायचं ते करून झालं. आता तू नुसती येऊन बस आणि बघ.

यापुढे फक्त,
तुझी बहीण